खंडेनवमीची तलवार

१

माझ्या भावाचं वागणं मला पसंत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथं लिहायला चोरी नाही.

भाऊ म्हणजे धर्माजी. लेफ्टनंट जनरल, निवृत्त. सत्तरीचा बाप्या, पण चहा जरा कोमट आला की कपाकडे असा बघतो, जणू कपानं टाचा जुळवून उभं राहावं. जेवताना बोलत नाही. कुठंही गेला तरी काखेत गुंडाळलेली चटई, कारण गार लादीवर बसलं की साहेबांची कंबर धरते. बायको गेली, मुलगी कॅनडात, म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे येऊन राहिला. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. मी दुसरीतून शाळा सोडली आणि त्याला वाढवला. देशाला तो जनरल असेल, मला धर्मा.

त्याचा राग सगळ्या गावाला ठाऊक. एकदा परटानं कोटाचं एक पितळी बटण हरवलं, तर हा असा कडाडला की शेजारच्या वाडीतले नारळ काढणारे माडावरून खाली उतरले. आणि हाच माणूस, दसऱ्याच्या सकाळी त्याची स्वतःची तलवार देवळातून गेली हे कळल्यावर काय म्हणाला? "बरं." एवढंच. आणि चहा मागितला.

आमच्या गावात खंडेनवमीला घराघरातली हत्यारं देवळात पूजेला लागतात. कोयते, विळे, सुपारी सोलायची पाती, कोळ्यांच्या सुऱ्या, माझ्या मुलाचं, अल्पेशचं, भिंतीला भोकं पाडायचं मशीनसुद्धा. सगळ्यांच्या मधोमध पाटावर धर्माची तलवार. ती त्यानं देवीला वाहिलेली. दुपारची आरती झाली की गुरव गाभाऱ्याचा पडदा ओढतो. मग दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही, आणि सकाळच्या पूजेपर्यंत पडदासुद्धा उघडायचा नाही.

देवळाची झाडलोट, दिवा आणि चावी पाळीनं घरोघर फिरते. नवमीची पाळी काशीची होती. काशीला ताप, म्हणून तिची मुलगी साक्षी गेली. सकाळी रामचंद्र गुरवानं कुलूप काढलं, दसऱ्याच्या पूजेला पडदा सारला, तर कोयते जागेवर, मशीन जागेवर, पाट रिकामा. कुलूप फोडलेलं नाही. चाव्या दोन, एक गुरवाची आणि एक पाळीवाल्याची. गुरव आरती करून माणगावला लेकीकडे गेला होता, सकाळच्या एसटीनं उतरला. एसटीतल्या चार माणसांनी तसं सांगितलं. राहिली ती पाळीवाली चावी.

पोलीस पाटील सुजित माझ्या मांडीवर खेळलेला, पण त्या दिवशी त्यानं आवाज जड केला. "आक्का, तलवार आता देवस्थानची. संध्याकाळी सोनं वाटायच्या आत मिळाली न्हाय, तर ठाण्याला कळवायला लागंल. आणि चावी कुणाकडं होती त्ये पन सांगायला लागंल."

सगळ्यांच्या माना साक्षीकडे वळल्या. वीस वर्षांची पोर, लष्करी पोलिसांत मुली घेतात त्या भरतीत पास झालेली. आता फक्त पोलिसांची पडताळणी राहिलेली. चोरीच्या तक्रारीत नाव आलं की पडताळणी अडकणार, आणि तिचं वय भरतीतून निघून जाणार. पुढच्या वर्षी तिला कुणी उभी करणार नव्हतं.

"साहेब, तुमीच सांगा," सुजित धर्माला म्हणाला. त्याला वाटलं, साहेब म्हणतील राहू दे.

"नियमाप्रमाणे जे असेल ते करा," धर्मा म्हणाला, आणि चटई सावरत घराकडे चालू लागला.

मी पाटाशी वाकले. हळदीकुंकवाच्या बाजूला एक ओली खूण होती, रुपयाएवढी.

"तीर्थ सांडलं असंल," गुरव म्हणाला.

मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. ते तीर्थ नव्हतं.

२

ते मीठ होतं. जाडं मीठ. आश्विनातल्या दमट हवेत एका रात्रीत पाझरून गेलेलं.

आता हे सांगायला पाहिजे. आमचा बाप पेणकडचा, मिठागरातला. मिठागरं बसली तेव्हा तो आम्हाला घेऊन या सुपारीवाल्यांच्या गावात आला. गावात मिठागरवाल्यांचं घर आमचं एकच. आमच्या घरात पूजेला लावलेली वस्तू जागेवरून उचलली की त्या जागी चिमूटभर जाडं मीठ टाकतात. जागा ओस राहू नये म्हणून. इतरांच्या घरी असलं काही नाही. ते अक्षता वाहतात, वस्तू हलवतात, झालं. मीठ फक्त आमचं.

म्हणजे चोर माझ्या घरातला.

आणि मी काय केलं? समोर एक बिनबापाची पोर गावाच्या नजरा झेलत उभी होती, तोंडातून शब्द काढत नव्हती. मी पदराचं टोक घेतलं आणि पाट पुसला. "देवीचा पाट ओला ठेवतात का रे," असंही वर गुरवाला सुनावलं. माझी जीभ गावात धारदार म्हणतात. त्या सकाळी ती मी चोराच्या कामाला लावली.

घरी जायला पाय उठेना. मी काशीकडे गेले.

काशी घोंगडी पांघरून पडवीत बसली होती. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, "बस. ताप तुला आलाय, मला नाही."

"आक्का, माझ्या पोरीनं न्हाय केलं."

"ते मला कळतं. साक्षी, इकडे ये. काल काय काय झालं ते सांग, एकसुद्धा गाळू नको."

साक्षी उभीच राहिली, हात मागे बांधून. भरतीची सवय आतापासून लागलेली. "आरती झाली, गुरवकाका माणगावला गेले. मी झाडत होते. आईची गोळी द्यायची राहिली म्हणून मध्ये घरी आले."

"देऊळ उघडं टाकून?"

"न्हाय. साहेब होते ना. चटई टाकून बसलेले. म्हणाले, जा तू, मी आहे. मी परत आले तेव्हा ते चटई गुंडाळून निघतच होते. मी विचारलं, कोण आलं होतं का. म्हणाले, कोणी नाही. मग मी दिवा लावला, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं."

"तलवार बघितलीस?"

"पडदा ओढलेला होता, आक्का. कोण उघडणार?"

"आणि हे सकाळी का बोलली नाहीस?"

"साहेबांचं नाव घेऊन मी सुटायचं?" ती म्हणाली. "ते राखण करत होते. लोक म्हणाले असते, पोरगी जनरलवर ढकलते."

मला तिच्याकडे बघवेना. मी काशीकडे वळले. "तुझं आणि धर्माचं काही वाकडं आहे का?"

काशीनं घोंगडीच्या दशा चाचपल्या. मग म्हणाली, "माझं न्हाय. त्यांचंच हाय. श्रावणात आले होते हितं. म्हणाले, पोरीला पाठवू नको. ही म्हणाली, मी जाणार. त्ये उठले आणि गेले. पाणीसुद्धा न घेता."

"का पाठवू नको?"

"ह्याचं उत्तर तुमी त्यांनाच इचारा," काशी म्हणाली. "भागोजीची सुट्टी कुणी अडवली, त्येबी इचारा."

३

भागोजी म्हणजे काशीचा नवरा. धर्माच्याच हाताखाली गाडी चालवायला होता, तिकडे काश्मिरात. गाडी दरीत गेली आणि तो गेला. साक्षी तेव्हा पोटात होती. एवढंच गावाला ठाऊक, आणि मलाही एवढंच.

काशीनं बाकीचं सांगितलं. तेव्हा धर्मा मेजर जनरल होता. वर काहीतरी धामधूम होती, म्हणून त्यानं सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. भागोजीची आधी मंजूर झालेली, काशीचे दिवस भरत आलेले. अधिकारी म्हणाले, साहेब, याला सोडा, तुमच्याच गावचा आहे. धर्मा म्हणाला, म्हणूनच नाही. "फोनवर ह्यांनी सांगितलं मला," काशी म्हणाली. "हसत होते. म्हणाले, साहेब बोलले, नियमाप्रमाणे. आपला मानूस लई कडक हाय, म्हणाले. अभिमान वाटत होता त्यांना. सुट्टीच्या त्याच दिवसांत गाडी गेली."

नियमाप्रमाणे. सकाळीही तोच शब्द.

मी परत निघाले ती डोकं चालवत. धर्मा खडकवासल्याला गेला तेव्हा मी त्याची ट्रंक डोक्यावरून एसटीपर्यंत नेली होती. लेफ्टनंट असताना सुट्टीवर यायचा तेव्हा आपल्या शिपायांची नावं घेऊन बोलायचा. कुणाच्या बैलाचं काय झालं, कुणाची बहीण कुठं दिली. कर्नल झाल्यावर पलटणीचं बोलायचा. जनरल झाल्यावर नकाशाचं. खांद्यावर काहीबाही चढत गेलं तशी माणसं त्याच्या बोलण्यातून उतरत गेली. माणगावच्या कॉलेजात त्याचं भाषण झालं, नेतृत्व म्हणजे काय यावर. मी पहिल्या रांगेत. म्हणाला, "सेनापतीला गाव नसतं. मी माझ्या गावच्या माणसालाही सवलत दिली नाही." काय टाळ्या. मीही वाजवल्या. तो माणूस कोण, ते मला विचारायला सुचलं नाही.

बरं. त्याच्या मनात काशीबद्दल सल आहे, हे कळलं. मग ज्या घराचं त्यानं नुकसान केलं, त्याच घराच्या पोरीवर आळ येऊ देतो, हे कसं? एकच उत्तर निघत होतं. तो देवळात बसलेला असताना कुणीतरी आत गेलं, ज्याला आत जाताना बघून त्याला काही वाटलं नसतं. आणि आता तो त्याला झाकतोय. मीठ टाकणारा, आमच्या घरातला.

अल्पेश.

माझा मुलगा समुद्राकाठी खोल्या बांधून मुंबईच्या लोकांना भाड्यानं देतो. गणपतीत मामाशी भांडला होता. तलवार देवळात कशाला, माझ्या हॉटेलात काचेत लाव, लोक फोटो काढतील, म्हणून.

तो ओट्यावर मोबाइल चोळत बसला होता.

"काल दुपारी कुठं होतास?"

"थळला. सिमेंटवाल्याकडे. का?"

"मामा देवळात बसला होता. तू आत गेलास?"

अल्पेशनं मान वर केली. "आई, मामा मला त्याच्या खोलीत सोडत नाही, गाभाऱ्यात सोडेल? आणि तलवार मागायची तर मी तोंडावर मागितली. चोरायची असती तर भांडलो कशाला असतो, यार?"

हे पटण्यासारखं होतं. पण आईला पटणं आणि खरं असणं या दोन गोष्टी आहेत. मी म्हटलं, "ते राहू दे. देव्हाऱ्यापुढचा विळा आण. नारळ सोलायचाय."

तो उठला, घरातल्या पूजेतला विळा उचलला आणि माझ्या पुढ्यात आणून टाकला. हळद अजून ओली होती.

"आणि मीठ?"

"नारळाला मीठ?"

"विळ्याच्या जागी."

"कसलं मीठ?" माझा मुलगा म्हणाला, आणि मला कळलं की त्याला खरंच ठाऊक नाही. माझ्या बापाचं मिठागर गेल्यावर जन्मलेलं पोर. घरातल्या पूजेतली वस्तू आजवर मीच उचलली, मीठ मीच टाकलं. त्याला कधी शिकवलंच नाही.

घरात ते ठाऊक असलेली दोन माणसं उरली. एक मी.

४

धर्मा मागच्या पडवीत पेपर वाचत होता. पान उलटत नव्हता.

"धर्मा," मी म्हटलं, "बाबांचं फावडं उतरवून दे. माझा हात पोचत नाही."

बाबांचं मिठागरातलं लांब दांड्याचं फावडं देव्हाऱ्याच्या वर खुंटीला असतं. खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू. धर्मा उठला. साहेब असला तरी बहिणीचं काम त्यानं कधी टाळलं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. त्यानं फावडं दोन्ही हातांनी उतरवलं, भिंतीला टेकवलं, तीन पावलं स्वयंपाकघरात गेला, मिठाच्या बरणीत हात घातला आणि चिमूट आणून खुंटीखालच्या फळीवर सोडली.

मग तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"मी शिकवलं होतं तुला," मी म्हटलं. "चार वर्षांचा होतास. मूठभर टाकायचास, मी ओरडायची."

तो वळला. त्याच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा काखेत चटई होती, गुंडाळलेली. ती त्यानं माझ्या पायाशी ठेवली. मी बोटानं चाचपली. आत कडक लागलं.

"सकाळीच कळलं होतं तुला?" त्यानं विचारलं.

"मीठ कळलं होतं. चोर कळला नव्हता. मी अल्पेशवर गेले. आता सांग, का?"

तो खाली जमिनीवर बसला, चटईशिवाय. कंबर धरली असेल, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "आक्का, प्रत्येक भाषणात मी ते सांगतो. टाळ्या पडतात. आणि टाळ्या पडल्या की भागोजी माझ्या ऑफिसच्या दारात उभा दिसतो. टोपी हातात. म्हणत होता, साहेब, चारच दिवस. त्यानंतर मला बढती मिळाली. त्याच कामगिरीबद्दल."

"मग?"

"मग ती मुलगी जाणार म्हणाली. तिलाही कुणीतरी माझ्यासारखा भेटेल."

"म्हणून तिला चोर ठरवलीस."

"तात्पुरती. नवमीची पाळी काशीची, हे मला माहीत होतं. पडताळणी अडकली असती. तिचं वय निघून गेलं असतं. मग तलवार कुठल्या तरी विहिरीत सापडली असती आणि तिचं नाव साफ झालं असतं. पण ती जिवंत राहिली असती." तो असा बोलत होता जसा भिंतीवर नकाशा आहे आणि हातात छडी आहे. "नुकसान कमीत कमी."

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. सत्तर वर्षांच्या माणसाच्या. हात उचलला नाही, कारण सकाळी पाट पुसला तो हाच हात.

"सोनं वाटायच्या आधी तू देवळात जाऊन सांगणार," मी म्हटलं.

"आक्का, चाळीस वर्षांचं नाव आहे माझं."

"तिचं वीस वर्षांचं आहे. ते चालतं होय?"

 संध्याकाळ व्हायला आली तरी तो तिथंच बसून होता. मी लुगडं बदललं, आपट्याची पानं पदरात घेतली आणि निघाले. मागे पावलं वाजतात की नाही, हे बघायला वळले नाही.

५

देवळापुढे सगळं गाव होतं. काशी घोंगडी पांघरून आली होती, साक्षी तिला धरून. सुजितनं मोबाइल हातात घेतलेला, ठाण्याचा नंबर काढून.

गर्दी बाजूला होत गेली तेव्हा मी बघितलं. धर्मा येत होता. त्यानं चटई पायरीवर ठेवली, उलगडली. तलवार बाहेर आली.

"ही मी नेली," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण त्याला गर्दीशी बोलायची सवय आहे. "साक्षीचा काही संबंध नाही. तिला भरतीतून अडवण्यासाठी मी तिच्यावर आळ येऊ दिला. तिच्या वडिलांची सुट्टीही मीच अडवली होती."

सुजितनं मोबाइल खिशात टाकला.

मग माझ्या गावानं जे केलं, त्याची मला आजही चीड येते. सुजित हसला. "म्हंजे साहेबांनी आमची परीक्षा घेतली म्हना ना. चावी नीट सांभाळतो का न्हाय ती." दोन-चार जण मोकळे होऊन हसले. गुरव म्हणाला, "साहेबांची वस्तू, साहेबांनी नेली. त्याला चोरी कोन म्हनतो?" आणि आपट्याचं पहिलं पान त्यानं धर्माच्या हातात द्यायला पुढे केलं. पहिल्या पानाचा मान. सकाळी साक्षीला कुणी "पोरीनं परीक्षा घेतली असेल" असं म्हटलं नव्हतं.

साक्षी पुढे आली. "साहेब," ती म्हणाली, "मी श्रावणात न्हाय म्हणाले होते तुम्हाला. समोर बसून."

"हो," धर्मा म्हणाला.

"मग तुम्ही ऐकलं न्हायत."

"नाही ऐकलं."

ती परत आईजवळ जाऊन उभी राहिली. गुरवाचा हात पानासकट तसाच पुढे होता. धर्मानं ते पान घेतलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघत होता. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा.

मी गुरवाच्या हातातलं पान काढून घेतलं आणि साक्षीच्या हातात दिलं. मग म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"सकाळी पाटावर मीठ होतं. ते मी पुसलं, घराची लाज राखायला. त्याचा जाब मला देवी विचारील, मी देईन. पण तुझा जाब मी विचारते, धर्मा, कारण इथं दुसऱ्या कुणाची छाती होत नाही. तुझ्या हाताखाली हजारो माणसं होती, म्हणून ही सगळी तुला हसून सोडतायत. मी नाही सोडत. भागोजीची सुट्टी अडवलीस तेव्हा तुझ्या खांद्यावर तसा अधिकार होता. चुकलास, तरी तो हुकूम होता. या पोरीची वाट अडवायला तुला कुणी नेमलं नव्हतं. तू तिला विचारलंस, ती नाही म्हणाली, आणि तरी तू तिला नकाशावरून हलवलीस. तुला वाटतं तू पाप फेडत होतास. तू तेच पाप परत करत होतास, फक्त या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. आता ऐक. साक्षी जाणार. ती नोकरीत असेल तोवर काशीच्या घरची देवळाची पाळी तू करायचीस. झाडू, दिवा, कुलूप. चटई घरी ठेवायची. आणि झाडून झालं की चावी काशीच्या दारात न्यायची, तिथं टोपी हातात घेऊन उभं राहायचं, ती बस म्हणेपर्यंत. ती कधी म्हणेल, हे तिच्यावर. सुट्टी मागायची नाही."